समुद्रशास्त्राचे विद्यार्थी कसे राहतात?

धाराशिव जिल्हा आणि समुद्र यांचा संबंध काय, असा प्रश्न आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपल्या मनांत आला असेल, तर तो अगदीं रास्त आहे. आमच्या जिल्ह्यापासून कोंकणकिनारा सरळ रेषेनें मोजला तरी सुमारें 300 किलोमीटर दूर. वर्षाकाठीं पडणारा पाऊस 700 ते 800 मिलिमीटरच्या आंतबाहेर, आणि तोहि पडेल तेव्हां खरा. येथील पुष्कळ माणसांनीं उभ्या आयुष्यांत समुद्र पाहिलेला नसतो. तरीहि एखाद्या घरची मुलगी बी. एससी. झाल्यावर म्हणते कीं, "मला समुद्रशास्त्र शिकायचं आहे," आणि घरांत क्षणभर कोणीच बोलत नाहीं. मग आई विचारते, "तिथं राहणार कुणाच्या सोबतीनं?" आजी विचारते, "रात्री-बेरात्री जहाजावर जायचं म्हणजे काय?" आणि वडील विचारतात, "पुढं पोट भरेल का?" चाळीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें असे प्रश्न घेऊन आईबाप माझ्याकडेहि येतात. या तीन प्रश्नांचीं उत्तरें यथाशक्ति द्यावीं, एवढाच माझा आजचा हेतु आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. समुद्र आपल्यापासून दूर आहे हें नकाशापुरतें खरें; व्यवहारांत तें तितकेंसें खरें नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील तेर हें गांव म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या मार्गदर्शिकेंत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर असल्याचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांत भरून बिकट वाटेनें भडोच बंदरास जाई व तेथें जहाजांवर चढे. तीं जहाजें मोसमी वाऱ्यांची वेळ साधून समुद्र ओलांडीत. तेच वारे आजहि आमच्या तूर-सोयाबीनच्या शेतांवर पाऊस घेऊन येतात. हिंदी महासागराची आफ्रिकेकडील बाजू नेहमीपेक्षां उबदार आणि सुमात्राकडील बाजू थंड झाली, म्हणजे तें आपल्या पावसास पुष्कळदां अनुकूल ठरतें. उलट घडलें तर प्रतिकूलहि ठरूं शकतें. समुद्राच्या या झोक्याचें वर्णन शास्त्रज्ञांनीं 1999 सालीं केलें व त्यास 'इंडियन ओशन डायपोल' असें नांव पडलें. 2016 च्या एप्रिलांत, 1982 पूर्वीं आमच्याच जिल्ह्यांत असलेल्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपणांस आठवत असेल. ज्या मुलखांत पाण्याला आगगाडींतून यावें लागतें, त्या मुलखानें पाऊस जेथें जन्मतो त्या समुद्राचा अभ्यास परक्यांचा मानूं नये.

आतां हा अभ्यास होतो कोठें? 1959 ते 1965 या काळांत अनेक राष्ट्रांनीं मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली. सुमारें 40 जहाजें त्या कामीं लागलीं होतीं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची जुनी विहारनौकाहि 'अँटन ब्रून' या नव्या नांवानें संशोधनासाठीं त्यांत सामील झाली होती. त्या पाहणींतूनच 1 जानेवारी 1966 रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. तिचें मुख्य ठाणें गोव्यांत दोना पावला येथें असून मुंबई, कोची व विशाखापट्टणम् येथें तिच्या शाखा आहेत. तिच्या जवळच ताळगांवच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. मुंबईस वर्सोवा येथें 1961 सालीं स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. 1989 पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. रत्नागिरीजवळ शिरगांव येथें मत्स्य महाविद्यालय आहे. आणि समुद्राचा वाराहि न लागणाऱ्या आपल्या शेजारच्या उदगीरमध्यें मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या गांवींहि नसते. मौजेची गोष्ट अशी कीं, सबंध देशाला त्सुनामीचा इशारा देणारें आणि कोळ्यांना मासळीच्या जागा कळविणारें भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र समुद्रकांठीं नसून हैदराबादेस आहे. ज्या हैदराबाद संस्थानांत आमचा जिल्हा 1948 पर्यंत होता, त्याचीच ही राजधानी.

आतां आईच्या प्रश्नाकडे वळूं. राहणार कुणाच्या सोबतीनें? उत्तर असें कीं, या विद्येंत एकट्यानें राहण्याची सोयच नाहीं. गणिती मनुष्य आपल्या खोलींत कागद-पेन्सिल घेऊन बसूं शकतो. समुद्राच्या विद्यार्थ्याला तें साधत नाहीं. एकाच्या अभ्यासाला दहांचे हात लागतात आणि एका सफरीवर दहांचे प्रबंध उभे राहतात. म्हणून त्यांचें एकत्र राहणें हा केवळ सोयीचा भाग नव्हे. तें त्यांच्या अभ्यासाचें एक साधनच आहे. हें नीट समजण्यासाठीं आपण जहाजावर जाऊं.

'सागर कन्या' हें सुमारें 100 मीटर लांबीचें जहाज 1983 सालीं जर्मनींत बांधून आपल्याकडे आलें. 'सिंधु साधना' हें सुमारें 80 मीटर लांबीचें जहाज 2014 सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सेवेंत रुजू झालें. अशा जहाजावर खलाशी व अधिकारी सोडून पंचवीस-तीस शास्त्रज्ञांची सोय असते, आणि त्यांत पुष्कळसे विद्यार्थीच असतात. जहाज समुद्रांत ठरलेल्या ठिकाणीं येऊन थांबतें. त्या जागेला 'स्टेशन' म्हणतात. तेथें ना फलाट, ना हमाल. चहूंकडे पाणीच पाणी. मग एका मोठ्या लोखंडी चौकटींत गोलाकार बसविलेल्या 12 किंवा 24 लांबट बाटल्या पोलादी दोरानें खालीं सोडतात. चौकटीला एक यंत्र जोडलेलें असतें. तें पाण्याची विद्युद्वाहकता, उष्णतामान आणि खोली सारखें मोजीत राहतें. विद्युद्वाहकतेवरून पाण्याचा खारेपणा काढतां येतो. चौकट वर येतांना, ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली वरूनच आज्ञा देऊन मिटतात. दोन हजार मीटर खालीं जाऊन परत यावयास बराच वेळ जातो, आणि ही वेळ पहांटेच्या तीनचीहि असूं शकते.

चौकट वर आली म्हणजे खरी शिस्त दिसते. बाटलींतून आधीं पाणी कोणीं घ्यावयाचें याचा क्रम ठरलेला असतो. विरघळलेला प्राणवायु मोजणाऱ्याचा मान पहिला, कारण तोटी उघडली कीं बाहेरची हवा पाण्यांत मिसळूं लागते. त्यामागून कर्बवायूवाला, मग नत्र-स्फुरदादि पोषक द्रव्यें मोजणारा, आणि खारेपणा मोजणारा सर्वांच्या शेवटीं. त्याचा मीठ-हिशेब थोड्या उशिरानें बिघडत नाहीं. शेजारीं एक जण तक्ता घेऊन उभा असतो. पाणी घेणाऱ्यानें आपल्या कुपीचा क्रमांक मोठ्यानें म्हणावयाचा, आणि लिहिणाऱ्यानें तो परत म्हणून मगच लिहावयाचा. पाढे म्हणून घेण्याची आपल्या शाळेंतील जुनी रीत आपणांस येथें आठवेल.

प्राणवायु मोजण्याची कृतीहि ऐकण्यासारखी आहे. लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानें ती 1888 सालीं सांगितली आणि आजहि तीच प्रमाण धरतात. कुपींतील पाण्यांत मँगनीजचा क्षार व आयोडाइडयुक्त दाहक द्रव घातला कीं तपकिरी सांका बसतो. म्हणजे पाण्यांतील प्राणवायु जणूं कैद झाला. पुढें आम्ल घालतांच त्या प्रमाणांत आयोडीन मोकळें होतें. पिष्टाच्या योगानें त्याला निळा रंग येतो, आणि दुसऱ्या एका द्रवाचे थेंब मोजून टाकीत तो रंग नाहींसा करावयाचा. किती थेंबांत रंग गेला त्यावरून प्राणवायु किती होता तें कळतें. या सर्व कामाला लागणारी महागडी सामग्री फारशी नाहीं. लागते ती हाताची स्थिरता आणि मनाचा प्रामाणिकपणा.

प्रामाणिकपणा हा शब्द मी मुद्दाम वापरला. पहांटे तीन वाजतां, पोटांत ढवळत असतां, एखाद्या विद्यार्थ्याला कुपीचा क्रमांक नीट दिसला नाहीं आणि त्यानें अंदाजानें आकडा टाकला, तर त्या वेळीं कोणासहि कळणार नाहीं. पण तोच आकडा दुसरा विद्यार्थी आपल्या प्रबंधांत घेणार, तिसरा त्यावरून आलेख काढणार, आणि पुढें कोणी तो पावसाच्या गणितांत घालणार. उत्तम विद्यार्थ्याची खूण ही कीं, तो तक्त्यावर "क्रमांक निश्चित नाहीं" असें स्वच्छ लिहितो व त्याचे सोबती त्यासाठीं त्याला हंसत नाहींत. जेथें चूक कबूल करणाऱ्याची थट्टा होते तेथें चुका लपविल्या जातात, आणि लपविलेली चूक समुद्रशास्त्रांत फार दूरवर वाहत जाते. म्हणून चांगली सोबत ही येथें चैन नव्हे, शास्त्राची गरज आहे.

जहाजावर दिवसाचे 24 तास काम चालतें. पाळ्या सामान्यतः चार-चार तासांच्या. ज्याची पाळी मध्यरात्रीं 12 ते 4, त्याचीच दुपारीं 12 ते 4. पहिले दोन-तीन दिवस जहाज हालूं लागलें कीं नव्या मुलांना अन्न नकोसें होतें. अशा वेळीं शेजारचा विद्यार्थी त्याच्या वाट्याचें पाणी काढून ठेवतो, आणि पुढें कधीं तरी तो ऋण फेडतो. गोडें पाणी जपून वापरावें लागतें; हें तरी आमच्या जिल्ह्यांतील मुलांना कोणीं शिकवावयास नको! पालेभाजी कांहीं दिवसांत संपते, मग डाळ, बटाटे आणि कांदा यांवर भागतें. शाकाहारी घरचीं मुलें सुरुवातीस कुरकुरतात, पण वरणभात जहाजावरहि मिळतो.

करमणुकीचेहि त्यांचे कांहीं प्रकार आहेत. थर्माकोलच्या पेल्यांवर आपलीं व घरच्यांचीं नांवें लिहून ते पेले जाळीच्या पिशवींत घालून त्या चौकटीबरोबर खोल सोडतात. दर 10 मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाचा दाब वाढतो; म्हणजे 2000 मीटरवर तो सुमारें 200 पट होतो. थर्माकोलांतील हवा दाबली जाऊन पेला बोटाएवढा लहान होऊन वर येतो, आणि त्यावरील अक्षरेंहि तशींच बारीक होतात. हें खेळणें घरीं धाकट्या भावंडांना मिळतें. दाब म्हणजे काय हें माझ्या फळ्यावरील सूत्रापेक्षां त्या पेल्यानें अधिक लवकर कळतें. जहाज विषुववृत्त ओलांडतें तेव्हां प्रथमच येणाऱ्यांची सागरदेवापुढें थट्टेनें हजेरी घेण्याची जगभरच्या खलाशांची जुनी चाल आहे. आपल्या कोळी बांधवांची नारळी पौर्णिमा भक्तीची, ही विनोदाची. परंतु अथांग पाण्यापुढें माणसानें थोडें नम्र व्हावें, हा अर्थ दोहोंतहि सांपडतो.

जमिनीवर परतल्यावर वसतिगृहाचें जीवन सुरू होतें. केरळ, बंगाल, ओडिशा, आसाम, महाराष्ट्र अशा अनेक प्रांतांचीं मुलें एका छपराखालीं राहतात. ओणम् आणि गणेशचतुर्थी दोन्ही सण सर्वांचे होतात, आणि एकाच माशाचीं पांच भाषांतील नांवें पाठ होतात. आठवड्यांतून एखादे दिवशीं सर्व जण जमून कोणी एक नवा शोधनिबंध वाचून दाखवितो व बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. हे प्रश्न कधीं कधीं बोचरे असतात. पण परीक्षकासमोर उभें राहण्यापूर्वीं मित्रांसमोर अडखळलेलें बरें. डॉक्टरेटचा अभ्यास पांच वर्षें, क्वचित् अधिकहि चालतो. मध्येंच यंत्र बिघडतें, नमुने वायां जातात, घरून लग्नाचीं पत्रें येतात, आणि मन खचतें. त्या वेळीं खोलीचें दार वाजवून "चल, चहा घेऊं" म्हणणारा सोबती हाच खरा आधार. आईबापांनीं आपल्या मुलाला गुणांच्या आधीं "तुझे मित्र कोण?" हें विचारावें, असें मला वाटतें.

ही सोबत केवळ समवयस्कांचीच नसते. ती पुढच्या-मागच्या पिढ्यांचीहि असते. गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर समुद्रांतील एका ठराविक जागीं नियमानें जाऊन पाणी तपासण्याची मालिका राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें 1997 सालीं सुरू केली. अरबी समुद्रांत सुमारें 150 ते 1000 मीटर खोलीच्या थरांत प्राणवायु जवळजवळ नाहींसा झालेला असतो. पावसाळ्याच्या अखेरीस खालचें तसलें पाणी उथळ किनाऱ्याकडे सरकतें, आणि तेथेंहि प्राणवायूची टंचाई होते. माशांना आणि पर्यायानें मच्छिमारांना तें बाधक. हें एका वर्षाच्या तपासणीनें कळण्यासारखें नाहीं. एका विद्यार्थ्याचा प्रबंध पांच वर्षांत संपतो. समुद्राचा फेरा संपत नाहीं. म्हणून जाणाऱ्यानें येणाऱ्याला बरोबर नेऊन कुपी कशी धरावी, नोंद कशी करावी, लाट आली तर पाय कसा रोवावा, हें हातांनीं शिकवावें लागतें. पुस्तकांत न लिहिलेली ही विद्या आपल्या कीर्तनकारांच्या किंवा तालमीच्या परंपरेप्रमाणें माणसाकडून माणसाकडे जाते.

शिवाय या विद्यार्थ्यांचे गुरु सगळेच पदवीधर नसतात. मुंबईच्या ससून डॉकवर पहांटे मासळी उतरते तेव्हां बांगडा, तारली, सुरमई, बोंबील यांची ओळख कोळीण जितकी झटकन् पटविते, तितकी ग्रंथ पटवीत नाहीं. यंदा कोणता मासा लहान येतो आहे, हें तिच्या टोपलीला आधीं कळतें. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर 2015 पासून नागरिकांनीं चालविलेल्या सफाईचें नांव देशभर झालें. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नांवानें 2017 पासून ओहोटीच्या वेळीं सामान्य लोकांना खडकांतील जीवसृष्टि दाखविणाऱ्या फेऱ्या निघूं लागल्या. गिरगांव-जुहूसारख्या गजबजलेल्या किनाऱ्यावरहि समुद्रफुलें, खेकडे आणि शंखशिंपले राहतात, हें पाहून शहरची मंडळी चकित झाली. ज्ञान प्रयोगशाळेंत साठवून न ठेवतां तें असें वाटीत राहिलें, तरच लोक समुद्र जपतील.

आतां आजीचा प्रश्न. मुलींनीं जहाजावर जावें काय? याचें उत्तर नागपूरांत जन्मलेल्या डॉ. अदिति पंत यांनीं केव्हांच देऊन ठेवलें आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत काम करणाऱ्या पंत या 1983-84 च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेंतून अंटार्क्टिकास गेल्या. त्यांच्यासमवेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्त होत्या. भारतीय मोहिमेंतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. त्यानंतर चाळीस वर्षें लोटलीं. आतां सफरीवर मुली असणें ही सांगण्यासारखी नवलाई राहिलेली नाहीं. तथापि आजीची काळजी खोटी ठरवूं नये. मुलींसाठीं स्वतंत्र खोली आहे काय, तक्रार ऐकणारी व्यक्ति नेमलेली आहे काय, सफरीवर आणखी किती मुली आहेत, हें आधीं विचारून घेण्यांत कमीपणा नाहीं. चांगली संस्था अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं.

शेवटीं वडिलांचा प्रश्न, पोटाचा. तो टाळणें बरें नव्हे. भौतिक, रसायन, प्राणी, सूक्ष्मजीव किंवा गणित यांपैकीं एखादा विषय घेऊन बी. एससी. झालेल्या मुलाला समुद्रशास्त्राच्या एखाद्या शाखेची वाट मोकळी आहे. मग तें महाविद्यालय धाराशिवचें असो वा मुंबईचें. एम. एससी. नंतर 'नेट' परीक्षेंत संशोधनवृत्ति मिळाली, तर 1 जानेवारी 2023 पासून ती दरमहा 37,000 रुपये व दोन वर्षांनंतर 42,000 रुपये ठरलेली आहे. म्हणजे अभ्यासाच्या काळांत मूल घरावर भार होत नाहीं. पुढें मात्र कायमच्या जागा थोड्या आणि उमेदवार फार, हें आधींच ओळखून असावें. गोवा, कोची, चेन्नई, हैदराबाद येथील सरकारी संस्था, महाविद्यालयें, मत्स्यशेती, बंदरांच्या पर्यावरण-पाहणीचीं कामें आणि हवामानाचें गणित असे मार्ग आहेत. गणिताची आवड असेल त्याला जहाजावर न चढतांहि समुद्राची सेवा करतां येते. सुमारें 4000 स्वयंचलित तरंगतीं यंत्रें जगाच्या समुद्रांत दर दहा दिवसांनीं 2000 मीटरपासून वर येऊन आपले आकडे उपग्रहाकडे धाडीत असतात. ते आकडे वाचणारीं माणसें पुण्यासारख्या दख्खनच्या पठारावरील शहरांतहि बसलेलीं आहेत.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या घरांत कोणी समुद्राचें नांव काढलें, तर "आपला काय संबंध?" असें म्हणून विषय मिटवूं नका. त्या मुलाला तीन गोष्टी विचारा : तुला दुसऱ्याच्या झोपेची कदर आहे काय? आपला आकडा चुकला तर चारचौघांत सांगण्याचें धैर्य आहे काय? आणि दुसऱ्यानें सुरू केलेलें काम, आपलें नांव न लागतां, पुढें नेण्याची तयारी आहे काय? या तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर पोहतां येतें कीं नाहीं हें मागाहून पाहतां येईल. दुष्काळी मुलखानें ज्यांना पाण्याची किंमत शिकविली, अशा मुलांची समुद्राला गरज आहे, आणि समुद्र जाणणाऱ्या माणसांची आमच्या मुलखाला त्याहून अधिक.